हवा गुपचूप जाते तेव्हा : नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली;
तसेच देशातील सर्व विमान कंपन्यांचे वैमानिक-प्रशिक्षण, केबिन-सुरक्षा आणि देखभाल विभाग

विषय : केबिनमधील हवेचा दाब हळूहळू जाण्याच्या प्रसंगाची तयारी

महोदय,

केबिनचा दाब गेला म्हटले की कुणाच्याही डोळ्यांसमोर धडाका येतो. कागद उडताहेत, धुके पसरले आहे, कान फुटताहेत. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स ९ विमानात तसेच झाले. दरवाजाच्या जागी बसवलेले झाकण सुमारे १६,००० फुटांवर उडून गेले, विमानाच्या कुशीला भगदाड पडले आणि तरीही सगळे जिवंत परतले. अशा प्रसंगात एक गोष्ट सोपी असते. काय झाले ते कुणाला सांगावे लागत नाही. वैमानिकाचा हात आपोआप मास्ककडे जातो.

आपली सगळी तयारी या धडाक्यासाठी आहे. माणसे मात्र दुसऱ्या प्रकारातही मरतात. त्यात काहीही तुटत नाही, आवाज होत नाही, विमान ठणठणीत असते. एखादा स्विच चुकीच्या जागी राहिलेला असतो आणि केबिनमधली हवा विमानाच्या चढाईबरोबर गुपचूप विरळ होत जाते. हे पत्र त्या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

१४ ऑगस्ट २००५. सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला निघालेले हेलिऑस एअरवेजचे बोइंग ७३७-३०० विमान. आदल्या रात्री देखभाल कर्मचाऱ्यांनी जमिनीवरच केबिनमध्ये दाब भरून गळती तपासली होती. त्या तपासणीसाठी दाब-नियंत्रणाचा खटका ‘मॅन्युअल’वर न्यावा लागतो. तो तिथेच राहिला. ‘मॅन्युअल’ म्हणजे शेपटीकडची आउटफ्लो झडप, जी उघडझाप करून केबिनमधली हवा राखते, ती आता स्वतःहून हलणार नाही. झडप अर्धवट उघडी होती. इंजिनाकडून हवा आत येत होती आणि तेवढीच बाहेर जात होती.

हा खटका वैमानिकांच्या नजरेतून तीनदा सुटला, असे चौकशी अहवाल सांगतो : उड्डाणापूर्वीच्या तयारीत, इंजिन सुरू करण्यापूर्वीच्या चेकलिस्टमध्ये आणि टेकऑफनंतरच्या चेकलिस्टमध्ये. विमान १२,००० फुटांच्या आसपास असताना हॉर्न वाजू लागला. ७३७ विमानात केबिनची उंची (आतली हवा किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे तो आकडा) १०,००० फुटांवर गेली की तो वाजतो. घोटाळा असा, की टेकऑफच्या वेळी फ्लॅप (पंखांच्या कडेचे हलते पत्रे) वगैरे नीट नसतील तरी तोच हॉर्न वाजतो, अगदी त्याच सुरात. वैमानिकाच्या सगळ्या आयुष्यात तो बहुधा जमिनीवरच ऐकलेला असतो. इथे वैमानिकांनी तो टेकऑफचा समजला. हवा विरळ झाल्याने उपकरणे थंड ठेवणारे पंखे कमी पडू लागले, त्याचाही दिवा लागला, आणि कप्तान रेडिओवर कंपनीच्या अभियंत्याशी त्या दिव्याबद्दल बोलत राहिले. मागे प्रवाशांचे मास्क खाली आले होते. समोरच्या दोघांनी मास्क लावलेच नाहीत. २८,९०० फुटांच्या सुमारास त्यांचा आवाज थांबला. ऑटोपायलटने विमान ३४,००० फुटांवर नेले, अथेन्सजवळ घिरट्या घातल्या, आणि इंधन संपल्यावर ते ग्रामातिकोजवळच्या डोंगराळ भागात कोसळले. विमानातले १२१ जण गेले.

या अपघातानंतर ७३७ विमानांत ‘केबिन अल्टिट्यूड’ आणि ‘टेकऑफ कॉन्फिग’ असे दोन वेगळे दिवे बसवण्याचा आदेश निघाला. हॉर्न एकच राहिला. एअरबस ए३२० मध्ये ही अडचण कमी आहे. तिथे केबिनची उंची ९,५५० फुटांवर गेली की पडद्यावर लाल अक्षरांत नेमके तेच लिहून येते. पण वाचणारा मेंदू जागेवर असेल तरच ती अक्षरे उपयोगाची.

हे सगळे दूर ग्रीसमध्ये झाले म्हणून सोडून देता येत नाही. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या ७३७ विमानात १६६ प्रवासी होते. इंजिनातून केबिनला हवा देणारे ब्लीड स्विच सुरू करायचे राहून गेले, हे तेव्हा आपल्या कार्यालयानेच सांगितले. चढाईतच मास्क पडले, विमान मुंबईला परत आले, सुमारे ३० जणांच्या नाका-कानांना त्रास झाला, काहींना रक्त आले. लोकांना वाटले, ऑक्सिजन कमी पडून रक्त आले. तसे नव्हते. कानाचा मधला भाग आणि नाकाभोवतीच्या पोकळ्या यांतली हवा बाहेरच्या दाबाशी जुळवून घेऊ शकली नाही, म्हणून आतली नाजूक त्वचा फुटली. सर्दी असलेल्या माणसाला हे आधी होते.

ब्लीड मुळात बंद का ठेवतात, हे वाचकांसाठी सांगायला हवे. इंजिनाने केबिनला हवा दिली की त्याची थोडी ताकद तिकडे जाते. उन्हाळा, भरलेले विमान किंवा आखूड धावपट्टी असेल, तर टेकऑफपुरते ब्लीड किंवा पॅक (ती हवा थंड करून केबिनला देणारे यंत्र) बंद ठेवून ती ताकद वाचवतात. पद्धत मान्यताप्राप्त आहे, धोका तिच्या शेपटात आहे. वर गेल्यावर हवाई वाहतूक नियंत्रणाची (एटीसी) फ्रिक्वेन्सी बदलायची असते, ढग टाळायचे असतात, फ्लॅप आत घ्यायचे असतात; याच गर्दीत ते स्विच पुन्हा चालू करायचे असतात. विसरायला याहून सोयीची वेळ नाही.

विसरले तर शरीर सांगेल, ही समजूत सगळ्यांत घातक. श्वास कोंडल्यावर जी घुसमट होते ती ऑक्सिजन कमी झाल्याने होत नाही, कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. विरळ हवेत कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा बाहेर जातच असतो. म्हणून घुसमट नाही, भीती नाही. उलट जरा मजेत असल्यासारखे वाटते, नखे निळसर होतात, बोटांना मुंग्या येतात, साधी बेरीज चुकते आणि चुकल्याचे कळत नाही. हवेत ऑक्सिजनचे प्रमाण वरही २१ टक्केच असते. पण १८,००० फुटांवर दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो आणि ३५,००० फुटांवर जेमतेम पाव. कामाचे भान किती वेळ टिकते याचे ठोकताळे असे : २५,००० फुटांवर ३ ते ५ मिनिटे, ३०,००० वर १ ते २ मिनिटे, ३५,००० वर ३० ते ६० सेकंद, ४०,००० वर १५ ते २० सेकंद. दाब एकदम गेला तर हे आकडे साधारण निम्मे धरायचे, कारण फुप्फुसातली हवाच बाहेर खेचली जाते.

आता मागण्या.

पहिली मागणी चेकलिस्टची. ‘प्रेशरायझेशन?’ असे विचारल्यावर ‘सेट’ असे उत्तर देऊन पुढे जाण्याची सवय मोडायला हवी. ‘सेट’ हा शब्द काहीच सांगत नाही. डोळे न वळवताही तो तोंडातून निघतो. उत्तर आकड्यात हवे. विमान १०,००० फूट पार करताना दुसऱ्या वैमानिकाने केबिनची उंची आणि आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक मोठ्याने वाचावा. नीट चाललेल्या विमानात तेव्हा केबिन अजून तीन हजार फुटांच्या आतबाहेर असते आणि मिनिटाला ३०० ते ५०० फुटांच्या संथ गतीने चढत असते. केबिनचा काटा विमानाच्याच वेगाने चढत असेल आणि दाबाचा फरक शून्याला चिकटलेला असेल, तर चढाई तिथेच थांबवायची. १०,००० फुटांवर थांबून विचार करायला भरपूर वेळ आहे. १५,००० वर तो उसना असतो.

दुसरी मागणी सिम्युलेटरची. बहुतेक सत्रांत प्रशिक्षक ३५,००० किंवा ३७,००० फुटांवर दाब एकदम घालवतो. वैमानिकाला ते आज होणार हे आधीच ठाऊक असते, तो झटकन मास्क चढवतो, विमान खाली आणतो, शेरा उत्तम मिळतो. हे जरूर करावे. पण प्रशिक्षणाच्या दर आवर्तनात एकदा तरी पॅक न लावता किंवा खटका ‘मॅन्युअल’वर ठेवून चढाई द्यावी, न सांगता. आणि हॉर्न वाजण्याच्या बेतालाच उपकरण-शीतनाचा दिवा लावावा, त्याच वेळी एटीसीकडून दिशाबदल द्यावा. हेलिऑसचे वैमानिक आळशी नव्हते, ते चुकीचे कोडे सोडवत होते. सराव तोच द्यायला हवा : कोडे सोडवायच्या आधी मास्क.

त्याच्या जोडीला हायपॉक्सियाची, म्हणजे शरीराला ऑक्सिजन कमी पडण्याच्या अवस्थेची ओळख. लष्करी वैमानिकांना कमी दाबाच्या कक्षात बसवून ही अवस्था प्रत्यक्ष दाखवतात. नागरी वैमानिकांपैकी पुष्कळांनी ती फक्त परीक्षेच्या पुस्तकात पाहिलेली असते. दाब कमी न करता, कमी ऑक्सिजनचे मिश्रण मास्कमधून देऊन वैद्यकीय देखरेखीखाली हा अनुभव साध्या वर्गातही देता येतो. प्रत्येकाची लक्षणे थोडी वेगळी असतात, कुणाला आधी गरम वाटते, कुणाचे आधी अक्षर बिघडते. आपले पहिले लक्षण कोणते, हे वैमानिकाला माहीत असले पाहिजे.

मास्क चढवल्यानंतरचा भाग त्या मानाने पक्का बसलेला असतो, तरी दोन-तीन जागी गडबड होते. कॉकपिटचा मास्क पाच सेकंदांत एका हाताने चढतो, लाल पकडी दाबल्या की पट्टे फुगतात. पण चष्मा किंवा हेडसेट नीट बाजूला न केल्यास कडेने गळतो. मास्कचा ऑक्सिजन-नियंत्रक १०० टक्क्यांवर असला पाहिजे. मग माइक मास्कवर घ्यायचा, स्पीकर चालू करायचा, आणि दोघांनी एकमेकांशी बोलून खात्री करायची. माइक बदलायचे विसरल्याने दोघे मास्कमधल्या मास्कमध्ये ओरडत बसतात, हे सिम्युलेटरमध्ये हमखास दिसते. त्यानंतर दाब-नियंत्रण मॅन्युअल करून आउटफ्लो झडप बंद करून पाहायची. दाब हाताशी येत नसेल तर प्रवाशांचा ऑक्सिजन चालू, थ्रस्ट आयडलला (इंजिनाचा जोर सर्वांत कमी), स्पीड ब्रेक (पंखांवरचे वेग मारणारे पत्रे) वर, आणि विमान खाली. विमानाचा सांगाडा फुटल्याची शंका असेल तर वेग वाढवायचा नाही, आहे तेवढाच ठेवायचा. ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणारे यंत्र) आणीबाणीचा आकडा ७७००, आणि रेडिओवर ‘मेडे’ ही मदतीची हाक लवकर. तुमच्या खालच्या थरात दुसरे विमान आहे का, हे एटीसीला दिसते. मिनिटाला सहा हजार फुटांच्या आसपास गती मिळाली तर ३५,००० वरून १०,००० वर यायला चार-साडेचार मिनिटे पुरतात.

मात्र १०,००० हा आकडा सगळीकडे चालत नाही. मुंबई-नागपूर किंवा पुणे-गोवा मार्गावर तो निर्धास्त आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. दिल्ली-लेह मार्गावर खाली डोंगर त्याच्या तिप्पट-चौपट उंच आहेत, आणि लेहचा विमानतळच साधारण १०,७०० फुटांवर आहे. तिथे सरळ खाली जाता येत नाही. मार्गाच्या कोणत्या टप्प्यावरून कुणीकडे वळायचे, किती उंचीवर किती मिनिटे थांबायचे, हे आधी आखलेले असते, आणि प्रवाशांचा ऑक्सिजन त्या मिनिटांना पुरणारा हवा. पावसाळ्यात मुंबईच्या आसपास अडचण वेगळी : आणीबाणीत खाली जाताना मध्ये गडगडाटी ढग असेल, तर तो भेदत जाण्यापेक्षा वळून उतरावे. रडार आधीपासून खालच्या थरांकडे झुकवून पाहायची सवय इथे कामी येते.

देखभाल विभागाकडे एकच मागणी आहे, छोटी. गळती-तपासणी झाल्यावर खटका पुन्हा ‘ऑटो’वर नेला, ही टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) स्वतंत्र ओळ हवी आणि तिच्यासमोर स्वतंत्र सही. ‘तपासणी पूर्ण’ या एका ओळीत ती गडप होऊ देऊ नये. आणि ते काम झाले आहे हे वैमानिकाला तोंडी सांगावे, म्हणजे तो त्या पॅनेलकडे जरा जास्त वेळ पाहील.

केबिन क्रूचा प्रश्न नाजूक आहे. मास्क पडले की क्रूने काय करायचे ते ठरलेले आहे : हाताशी येईल तो मास्क लावायचा, रिकामी खुर्ची नसेल तर प्रवाशांच्या मध्ये घुसून बसायचे, ट्रॉली अडकवता आली तर अडकवायची, नाहीतर सोडून द्यायची. विमान खाली येऊन सपाट झाले की छोटी सिलिंडरे घेऊन फिरायचे. पण विमान खाली आलेच नाही तर? मास्क पडले आहेत आणि विमान चढतेच आहे, कॉकपिटमधून शब्द नाही. हेलिऑसमध्ये नेमके हेच झाले. चढाईत कॉकपिटला विनाकारण हाक मारायची नाही हा संस्कार क्रूच्या हाडीमाशी भिनलेला असतो, आणि एरवी तो योग्यच आहे. इथे तो मोडण्याची लेखी मुभा द्यावी. मास्क पडल्यापासून एका मिनिटात विमानाचे नाक खाली गेले नाही किंवा घोषणा झाली नाही, तर इंटरकॉमवर हाक. उत्तर नसेल तर सिलिंडर पाठीशी घेऊन, तातडीचा कोड वापरून, कॉकपिटचे दार. तो कोड मुख्य क्रूलाच नव्हे, क्रूमधल्या प्रत्येकीला-प्रत्येकाला पाठ असला पाहिजे. आत गेल्यावर वैमानिकांच्या तोंडावर मास्क कसा चढवायचा, हेही क्रूला हाताने करून दाखवावे. तो मास्क केबिनमधल्या मास्कसारखा नसतो.

राहिले प्रवासी. सध्याची सूचना पाठ म्हटल्यासारखी होते आणि तिच्यात कारणे नाहीत. कारण न कळलेली सूचना माणूस संकटात पाळत नाही. १७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत साउथवेस्टच्या विमानाचे इंजिन फुटून खिडकी गेली, तेव्हा आतल्या छायाचित्रांत कितीतरी जणांनी मास्क फक्त तोंडावर धरलेला होता, नाक उघडे. पिशवी फुगत नाही म्हणून मास्क बिघडला असे समजून काढून टाकणारेही असतात. बहुतेक विमानांत डोक्यावरच्या कप्प्यात सोडियम क्लोरेटची नळकांडी असते. मास्क ओढला की पिन निघते, रसायन पेटते आणि ऑक्सिजन सुटतो, साधारण १२ ते १५ मिनिटे. एकदा सुरू झाले की बंद करता येत नाही. नळकांडे बाहेरून २०० अंशांच्या वर तापू शकते, धूळ जळाल्याचा वास येतो, आणि लोकांना वाटते आग लागली. (ही नळकांडी किती तापतात याची किंमत ११ मे १९९६ रोजी फ्लोरिडात व्हॅल्यूजेटच्या विमानाने मोजली. मुदत संपलेली नळकांडी सुरक्षा-टोपण न लावता सामानाच्या कप्प्यात भरली होती. ११० जण गेले.)

म्हणून मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या विमानांत ही सूचना मराठीतही द्यावी, असे आम्ही सुचवतो. पहिल्यांदा विमानात बसलेल्या आजींना कळेल अशी. मसुदा असा :

‘विमानातली हवा विरळ झाली तर वरून मास्क खाली येतील. मास्क जोरात स्वतःकडे ओढा. ओढल्याशिवाय ऑक्सिजन सुरू होत नाही. नाक आणि तोंड दोन्ही झाका, पट्टा डोक्यामागे घ्या. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. जळका वास आला तर घाबरू नका. आधी स्वतःला मास्क लावा, मग मुलांना. तुमची शुद्ध हरपली तर मुलाला मदत करायला कुणी उरणार नाही. त्यानंतर विमान वेगाने खाली उतरेल, वैमानिक ते मुद्दाम उतरवत असतो. पट्टा बांधून बसून राहा.’

सावकाश वाचले तरी हे मिनिटभरात संपते.

आसनासमोरच्या माहितीपत्रकावर आणखी दोन ओळींना जागा आहे. श्वास रोखू नका, तोंड उघडे ठेवून सोडा, कारण दाब एकदम गेला की फुप्फुसातली कोंडलेली हवा फुगते. आणि तीन आसनांच्या वर बहुधा चार मास्क असतात, चौथा मांडीवरच्या बाळासाठी; म्हणून एका ओळीच्या एकाच बाजूला दोन बाळे बसवू नयेत, हे जागा बदलून घेणाऱ्या कुटुंबांना ठाऊक नसते. तारकर्लीला किंवा गोव्यात स्कूबा करून थेट विमानतळ गाठणाऱ्यांसाठीही एक ओळ असावी : एकाहून अधिक डुबक्या झाल्या असतील तर विमानापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत. शरीरात विरघळलेला नायट्रोजन नेहमीच्या केबिनमध्येही त्रास देऊ शकतो, दाब गेल्यावर तर विचारायलाच नको.

यातल्या बऱ्याच गोष्टींना नवे यंत्र लागत नाही. चेकलिस्टमधल्या उत्तराचा शब्द बदलणे, टेक लॉगमध्ये एक ओळ, सिम्युलेटरच्या सत्रात एक न सांगितलेला बिघाड, क्रूच्या पुस्तिकेत एका मिनिटाचा नियम. पहिली दोन कामे एका परिपत्रकाने येत्या हिवाळी वेळापत्रकाआधी होऊ शकतात. मराठी घोषणेचा मसुदा आपण हवा तसा बदलावा. फक्त ‘ओढल्याशिवाय सुरू होत नाही’ आणि ‘पिशवी फुगली नाही तरी’ ही दोन वाक्ये काढू नयेत.

आपले,
विमानांची देखभाल, उड्डाण आणि केबिन-प्रशिक्षण या कामांतली काही मराठी माणसे